प्लेगच निघावा म्हणून

माझा खालचा ओठ डाव्या बाजूला थोडा कमी आहे. पुण्याच्या एका दैनिकात उपसंपादक असताना मुद्रिते तपासता तपासता तंबाखू-चुन्याचा बार त्याच बाजूला धरून ठेवायची मला सवय होती. पुढे तिथे एक फोड आला आणि तो बरा होईना. दक्षिणेकडच्या एका मिशन इस्पितळातल्या सर्जनने तो पाहिला, कर्करोग आहे असे सांगितले, ओठाचा पाचरीसारखा तुकडा कापून काढला आणि उरलेला ओठ शिवून टाकला. काम चोख झाले. फक्त शिवण ओढली गेल्यामुळे तोंडाचा डावा कोपरा किंचित वर राहिला, आणि तेव्हापासून मी सदैव हसण्याच्या बेतात असल्यासारखा दिसतो.

बातमीदाराला हे व्यंग जड जाते. दुखण्यानंतर मी पुणे सोडून बारामतीला आलो आणि त्याच दैनिकाला बारामती व इंदापूर तालुक्यांच्या बातम्या पाठवू लागलो. गुळाचे भाव, पाटाच्या पाण्याच्या पाळ्या, कळंबच्या माळावर उभा राहू लागलेला साखरेचा कारखाना, जत्रा, अपघात. सुप्याच्या रस्त्यावर कडब्याची गाडी उलटून एका शेतकऱ्याचा पाय मोडला, त्याची चौकशी करायला गेलो, तर त्याने पाय राहू देऊन आधी मलाच विचारले की यात हसण्यासारखे काय आहे. इंदापूरच्या मामलेदार कचेरीतले एक कारकून माझ्याशी बोलताना आपला प्रत्येक कागद पुन्हा वाचून बघत. मला त्यात काहीतरी सापडले आहे अशी त्यांची खात्री असे. मला काहीही सापडलेले नसे.

इस्पितळातून निघताना सर्जनने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. जबड्याखाली गाठ आली तर हातातली कामे टाकून निघून या. आणि काही वर्षे गाठ आली नाही तर मला विसरून जा. पहिली गोष्ट मी इतकी मनापासून पाळली की दुसरीला जागाच उरली नाही. सकाळी उठल्यावर, जेवल्यावर, बातमीचे वाक्य अडले की, माझा अंगठा आपोआप जबड्याखाली जाई आणि कानापासून हनुवटीपर्यंत दाबत येई. चारचौघांत हे करायचे तर काही निमित्त हवे, म्हणून मी भुवया आवळून दूर कुठेतरी बघत असे. त्यामुळे बारामतीत मी विचारवंत ठरलो. वाचनालयाच्या एका सभेत मला अध्यक्ष करण्यात आले. सभाभर मी गाठ शोधत होतो. वृत्तान्तात अध्यक्षांच्या चिंतनशील मुद्रेचा उल्लेख आला. तो वृत्तान्त मीच पाठवला होता, परंतु तो उल्लेख सभेच्या चिटणिसांनी आग्रहाने घालायला लावला.

घरात या विषयावर बोलायचे नाही असा नियम होता. नियम मी केला होता. बायकोने कधी ‘बघू’ म्हणून हात पुढे केला तर मी मान मागे घेई आणि वर्तमानपत्र उघडे. रोगाचे नाव कुणी घेत नसे. ‘ते ओठाचं’ एवढ्यावर भागे. माझी भीती ही माझी खासगी बाब आहे, ती मी व्यवस्थित सांभाळून आहे आणि बायकोला तिचा पत्ता नाही, असा माझा समज होता. दुसऱ्याकडून खात्री करून घेतल्याशिवाय बातमी पाठवू नये हे मला दैनिकाच्या कचेरीत शिकवले होते. घरच्या बाबतीत ते लागू आहे असे मला वाटले नव्हते.

त्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला पेठेत उंदीर पडले. बारामतीला हे नवे नव्हते. मेलेला उंदीर दिसला की प्लेग मागोमाग येतो हे सगळ्यांना ठाऊक होते, आणि तो माणसांपर्यंत यायच्या आत निम्मे गाव सामान बांधून रानात राहायला जाई. आम्हीही बांधले. इंदापूरच्या रस्त्याला, पाटाच्या अलीकडे एका बागाईतदाराचा मळा होता. पेरू, वांगी आणि मेथी बाजाराला पाठवणारा हा म्हातारा माणूस, सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांनी आपल्या पडीक तुकड्यावर ओळखीच्या काही कुटुंबांना झोपड्या घालू दिल्या. चार मेढी, भोवती तट्टे आणि वर उसाचे पाचट.

आबांची जागा घ्यायची तर आबांचा एक नियम मान्य करावा लागे. रोज सकाळी, चुली पेटायच्या आधी, सगळ्यांनी विहिरीपाशी रांगेत उभे राहायचे. पुरुषांची मान, काख आणि जांघ आबा हाताने चाचपून बघत. बायकांचे आबांची थोरली बहीण बघे. मागच्या एका प्लेगात आबांच्या भावाने काखेतली गाठ अंगरख्याखाली लपवली होती, आणि त्या घरातली बरीच माणसे गेली होती. तेव्हापासून आबांचा कुणाच्या शब्दावर विश्वास नव्हता, फक्त बोटांवर होता. गाठ लागली तर त्या माणसाने पाटापलीकडच्या एकट्या झोपडीत जायचे. त्यावर वाद नसे.

पहिल्या सकाळी मी रांगेत सर्वांत मागे उभा राहिलो. माझ्या मानेला दोन वर्षांत माझ्याखेरीज कुणाचे बोट लागलेले नव्हते, निदान माझ्या माहितीप्रमाणे. आबांनी माझी हनुवटी वर केली आणि पेरू पिकला का ते बघावे तसे जबड्याखाली दाबले. हाताला मेथीचा वास होता.

“न्हाय काय,” ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

त्या दोन शब्दांनी मला जे बरे वाटले ते वर्तमानपत्री भाषेत बसण्यासारखे नाही. आजवर तपासणाराही मीच आणि घाबरणाराही मीच. अशा तपासणीवर विश्वास कोण ठेवणार? आता एक तटस्थ माणूस रोज सकाळी निकाल देऊ लागला. दुसऱ्या दिवशी मी रांगेत मधे होतो. आठवडा सरेपर्यंत सर्वांत पुढे पोचलो. स्वतः चाचपायचे मी सोडूनच दिले.

आणखी एक सुख होते, ते सांगायला थोडी लाज वाटते. आता सगळेच चाचपत होते. माणसे बोलता बोलता काखेत हात घालत. पाणी शेंदणाऱ्या बायका मधेच थांबून मानेला बोटे लावत. दोन वर्षे मी जे चोरून करत आलो ते सारा तालुका उघड्यावर करू लागला होता, आणि मला विचारवंत समजायला कुणाला सवड नव्हती. लोकांची झोप उडाली, तोंडाची चव गेली, त्या दिवसांत मी घोरत झोपू लागलो आणि एकीच्या जागी दोन भाकरी खाऊ लागलो. मृत्यूच्या बातम्या मी पाठवत होतो. ज्या घरी माणूस गेले तिथे जाऊन चौकशी करत होतो, आणि वाईटही वाटत होते. पण बायकोला माझ्या सदऱ्याच्या गुंड्या पुढे सरकवाव्या लागल्या हेही खरे आहे. तोंड तर हसरे होतेच.

मळ्यात मी गाठींचा जाणकार मानला जाऊ लागलो. कुणाच्या हाताला काही लागले की तो आबांच्या आधी माझ्याकडे येई. मी सांगे, दुखते आहे आणि ताप आहे, तर प्लेग. दुखत नाही, खड्यासारखी कठीण आहे, जागची हलत नाही, तर... इथे मी थांबे. ‘तर काय?’ असे कुणी विचारले की ‘तर प्लेग नाही’ असे म्हणे. तो माणूस खूश होऊन जाई.

एका सकाळी आबांचा अंगठा माझ्या डाव्या जबड्याखाली थांबला. त्यांनी तो थोडा मागे नेला, पुढे आणला आणि पुन्हा तिथेच थांबवला. रांग माझ्या मागे होती. ती मागे सरकली हे मला न बघताच कळले.

“दुखतंय का?” आबांनी विचारले.

इतका नेमका प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारलेला नाही. दुखत असेल तर प्लेग. प्लेगमधून माणसे उठतात, मी ती पाहिली होती. दुखत नसेल तर ते परत आले. पुन्हा ते इस्पितळ, आणि या खेपेला कापायला ओठासारखी सोयीची जागा नाही. इस्पितळात माझ्या शेजारच्या खाटेवर मानेत तशी गाठ आलेला एक माणूस होता. त्याला त्याच्या लोकांनी घरी नेले तेव्हा सर्जन दारापर्यंत पोचवायला गेले होते. बाकीच्या रोग्यांना ते पोचवायला जात नसत.

आबा दाबत होते. थोडे दुखल्यासारखे वाटत होते, पण खात्रीलायक म्हणता येईल इतके नाही. कचेरीत एवढ्या आधारावर मी बातमी छापली नसती.

“दुखतंय,” मी म्हणालो. “चांगलंच दुखतंय.”

तापही नव्हता. तोही मी जाहीर करून टाकला.

प्लेग झाल्याचे कळले की माणसे रडतात, देवाला बोल लावतात. मी वळकटी बांधली, दौत-टाक आणि कागद घेतले आणि पाटावरच्या साकवाकडे निघालो. पुढे कितीतरी दिवस आबा लोकांना सांगत की एवढा धीराचा माणूस त्यांनी पाहिला नाही, प्लेगच्या झोपडीत हसत गेला.

साकवाच्या मध्यावर वळून पाहिले तर बायको चुलीची भांडी पाटीत घालून मागे येत होती. मी तिला परत जायला सांगितले. प्लेग किती वाईट असतो ते समजावले. हुकूमही सोडला. ती साकव उतरली, पाटी खाली ठेवली आणि चुलीसाठी दगड शोधू लागली.

“तुला प्लेगची भीती वाटत नाही का?”

“प्लेग असंल तर वाटंल,” ती म्हणाली.

हे वाक्य मी ऐकले नाही असे ठरवले आणि बातमी लिहायला बसलो. बातमीदाराने स्वतः बातमीत येऊ नये असा कचेरीचा दंडक होता, म्हणून लिहिले की बारामतीनजीक मळ्यात राहावयास गेलेल्या एका इसमास मानेत गाठ आली असून इसम सुशिक्षित व शांत आहे. लिहून झाल्यावर मोठा आधार वाटला. छापायला गेले ते खरे, असे मानण्यात माझी उमेदीची वर्षे गेली होती. आता तो प्लेग होता. आबांनी कागद कडुनिंबाच्या धुरावर धरला आणि टपालात टाकवला.

अंक आला तेव्हा ‘शांत’ कापून कुणीतरी ‘अत्यवस्थ’ केले होते. त्या खुर्चीत मी असतो तर मीही तेच केले असते.

ती बातमी वाचून प्लेगसाठी नेमलेले तरुण डॉक्टर कळस गावचे रोगी आटोपून तसेच सायकलवर आले. अत्यवस्थ इसम त्या वेळी झोपडीबाहेर बसून हुरडा खात होता. डॉक्टरांनी त्याच्या तोंडात थर्मामीटर दिला. ताप नव्हता. उतरला असेल, असे मी म्हणालो. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि प्लेगचे काही लक्षण दिसत नाही असे सांगितले. यावर मी प्लेगची बाजू मांडली. पेठेतले उंदीर, आमच्या आळीतले रोगी, गाठीची जागा, असे मुद्दे मी क्रमाने घेतले. डॉक्टर थकलेले होते, त्यांनी ऐकून घेतले. प्लेग नाही म्हणून भांडणारे रोगी त्यांना रोज भेटत असावेत. उलट बाजूचा मी पहिलाच होतो.

मग त्यांनी ओठाला काय झाले होते असे विचारले.

“लहानपणी पडलो होतो,” मी म्हणालो.

बायको पलीकडे राखेने तवा घाशीत होती. तिने मान वर केली नाही.

“कर्करोग झाला हुता,” ती म्हणाली. “ओठ कापलाय. सर्जनसायबांनी सांगितलंय, जबड्याखाली गाठ आली तर निघून या. हे निघंनात. हितं प्लेगची वाट बघत बसल्यात.”

तो शब्द भर उन्हात, परक्या माणसासमोर उच्चारला गेला आणि काहीच झाले नाही. शेजारच्या ज्वारीतून पाखरांचा थवा उठला, तो त्यांच्या कारणाने. सर्जनचे ते बोलणे मी बायकोला कधीच सांगितले नव्हते. तिने इस्पितळाच्या ओसरीवर त्यांना थांबवून स्वतः विचारून घेतले होते, हे मला नंतर कळले.

डॉक्टरांनी गाठ केव्हा आली असे मला विचारले. मी आबांना ती लागली ती सकाळ सांगितली.

“त्याच्या आधीच आली हुती,” बायको म्हणाली. “आधल्या बाजाराच्या दिशी माझ्या हाताला लागली. आबांच्या हातनं दोनदा निसटली. हे झोपल्यावर मी बघती रोज. ओठ शिवला तवापासनं.”

म्हणजे माझ्या मानेतली बातमी आधी बायकोला, मग आबांना आणि शेवटी मला मिळाली होती. असला बातमीदार पुण्यात कुणी ठेवला नसता. मी तिला विचारले की मग इतके दिवस बोलली का नाहीस.

“तुमी कुठं बोलू देता,” ती म्हणाली. तवा उलटा करून दुसरी बाजू घासू लागली. “आन झोपत हुता नीट. दोन वर्सांत पयल्यांदा. म्हटलं, झोपू द्यावं चार दिस.”

डॉक्टर वेताच्या मोड्यावरून उठून जवळ आले. त्यांनी गाठ बराच वेळ दाबून पाहिली, तोंड उघडायला लावले आणि चिमट्याच्या मागच्या टोकाने खालच्या शेवटच्या दाढेवर टकटक केले. माझी किंकाळी पाटापलीकडे मळ्यात ऐकू गेली. तिकडे बायकांनी माझ्यासाठी रडायला सुरुवात केली असे आबांनी पुढे सांगितले.

दाढ आतून किडली होती. डॉक्टर म्हणाले की गाठ दाढेची असू शकेल, नसूही शकेल. दाढ काढली तर दाढेची गाठ हळूहळू ओसरते. न ओसरली तर सर्जनकडे जावे लागेल. त्यांनी तिथेच, मोड्यावर बसवून, दाढ उपटली. बायकोने माझे डोके धरले होते. दोन वर्षांत मी जागा असताना तिला माझी मान इतकी बिनविरोध मिळाली नव्हती.

प्लेग नाही म्हटल्यावर आम्हाला मळ्यात परत घेतले. दुसऱ्या सकाळी मी सवयीने रांगेत पुढे जाऊन हनुवटी वर केली. आबांनी काख बघितली, जांघ बघितली आणि हात मागे घेतला.

“मान न्हाय मी बघणार तुमची. ती गाठ प्लेगची न्हाय. तुमच्या घरात जाणतं माणूस हाय, त्यानं बघावी.” मग रांगेला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, “दाढंसाठी पाट वलांडला. बाजारात सांगाय झालं आमास्नी.”

तेव्हापासून रांग झाली की बायको झोपडीच्या दारात माझी मान बघू लागली. आबा ‘न्हाय काय’ म्हणत. ती तसे म्हणत नसे, कारण तसे नव्हते. ती ‘हाय’ म्हणे. कधी ‘हाय तेवढीच.’ कधी बोट पुन्हा एकदा फिरवी, आणि मग ‘हाय’. विशेषणे तिने कधी घातली नाहीत. माझी झोप गेली, दुसरी भाकरी गेली, सदऱ्याच्या गुंड्या मूळ जागी आल्या. म्हणजे मी आता मळ्यातल्या इतर माणसांसारखाच झालो होतो, फक्त वेगळ्या रोगासाठी.

पण बोलणे सुरू झाले. मी तिला शेजारच्या खाटेवरच्या माणसाची गोष्ट सांगितली. ती तिला माहीत होती. त्याच्या बायकोबरोबर तिने ओसरीवर स्वयंपाक केला होता. तिला कशाची भीती वाटते असे मी विचारले. गाठीची न्हाय, ती म्हणाली, तुमी सांगणार न्हाय आन मला पेपरात वाचाय लागंल याची. ‘अत्यवस्थ’ तिनेही वाचले होते. त्यावरून आमचे पहिले उघड भांडण झाले. दुसरे तंबाखूवरून झाले, आणि त्यात तिची बाजू इतकी भक्कम होती की मी पाणी आणायला निघून गेलो. भांडणे झाली त्या दिवशी मला झोप बरी लागे.

गाठ आधी बोराएवढी होती. पुढे बायकोच्या बोटांना ती हरभऱ्याएवढी लागू लागली. तिथे ती बरेच दिवस अडून बसली, आणि सर्जनकडे जायचे म्हणून बायकोने माझे कपडे धुऊन ठेवले. ते धुतलेले कपडे तारेवर बघून मी एक अख्खा दिवस काही लिहू शकलो नाही. मग एका सकाळी ती ‘तूर’ म्हणाली. आणखी काही दिवसांनी ‘ज्वारी’.

ऊन तापू लागले तसा प्लेग ओसरला. लोकांनी पाचट पेटवून दिले, घरे सारवून घेतली आणि पेठेत परतले. रांग संपली. थंडीभर ज्यांनी काखा चाचपल्या ते महिन्याभरात ते विसरले. त्यांच्याकडे बघून मला चमत्कारिक एकटेपण येई. थंडीभर माझ्याबरोबर असलेला सारा तालुका मला गाडीत बसवून आपण खाली उतरून गेला होता. वाचनालयाच्या पायरीवर माझा अंगठा जबड्याखाली गेला की लोक पुन्हा आवाज खाली करून बोलू लागले.

घरी मात्र अंगठा वर जाऊ लागला की बायको हात खाली करायला सांगे आणि स्वतः बघे. सकाळी ती भाकऱ्या करत असे, म्हणून मी चुलीपाशी जाऊन वाकायचो. ती परातीतला हात तसाच उचलून जबड्याखाली लावी, दाबी, विचार करी.

“आज दाणाबी लागत न्हाय,” ती एके दिवशी म्हणाली. मी तसाच वाकून राहिलो. “उठा की. भाकरी करपाय लागली. उद्या बघू परत.”

मी गुळाचे भाव घ्यायला बाजारात गेलो. अडत्याने माझ्याकडे बघितले आणि जबड्याखाली पीठ लागले आहे असे हळूच सांगितले. पुसायला त्याने आपले उपरणेही पुढे केले. मी राहू द्या म्हणालो, भाव विचारला, लिहून घेतला आणि पुढच्या दुकानाकडे वळलो.